कोरड्या बोअरातला वारा

वारा फुकट वाहून जातो हे मला सहन व्हायचं नाही. धुळ्यात राहणाऱ्या माणसाने असलं दुखणं लावून घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, कारण वैशाख लागला की तिथे वाऱ्याला दुसरा धंदाच नसतो. दोरीवरचे कपडे शेजारच्या गल्लीत जातात, पत्रे दिवसभर वाजत राहतात, पोळीत कचकच लागते. लोक शिव्या घालत दारं लावून घेतात. मी मात्र दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात उभा राहायचो आणि चरफडायचो. एवढी ताकद डोळ्यांदेखत चालली आहे आणि लाईट नाही म्हणून माझ्या डोक्यावरचा पंखा ढिम्म उभा आहे, याचा मला मनस्वी राग यायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्यात एका प्रशिक्षण संस्थेत फिटरच्या पोरांना वर्कशॉप शिकवत होतो. वय तिशीला टेकलेलं, लग्न नाही, भाड्याच्या खोलीत एक खाट आणि बाकी सगळा लोखंडाचा पसारा. मला एका जागी बसवत नसे. जेवतानाही एक पाय हलत असायचा. सुट्टी लागली की एसटी पकडून सोनगीरला जायचं, कारण सोनगीरच्या किल्ल्याच्या पलीकडे थोरल्या बहिणीचं शेत होतं. मी तिला अक्का म्हणायचो आणि ती मला भाऊ. तिथे पोचलो की मी मोटारीचा डबा उघड, गोठ्याची बिजागरी सैल कर, पाइपाचा वॉशर बदल, असं काहीतरी सुरू करायचो. अक्का चहाचा कप घेऊन माझ्यामागे फिरायची.

"भाऊ, एक जागे बठ ना रे थोडासा," ती म्हणायची. "चहा तरी पी ले."

दाजी एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची ड्यूटी लांब पल्ल्याची, त्यामुळे शेत आणि तीन म्हशी अक्काच्याच अंगावर होत्या. शेतातल्या लाईटचा काही भरवसा नव्हता. आली तर आली, आणि नेमकी कडबा कापायच्या वेळी हमखास गेलेली असायची. मग अक्का कुट्टीयंत्राचं ते जड चाक हाताने फिरवायची. एका हाताने चाक, दुसऱ्या हाताने कडब्याची पेंढी पुढे सरकवायची. वर्षानुवर्षं हे करून तिचा उजवा खांदा धरला होता. वेणी घालायला हात वर जात नसे, म्हणून ती शेजारणीकडून वेणी घालून घ्यायची. मी एकदा ते पाहिलं आणि परतीच्या बसमध्ये बसूच शकलो नाही. सीट रिकामी असून धुळ्यापर्यंत दांडी धरून उभा राहिलो.

संस्थेच्या वाचनालयात जुनी तांत्रिक मासिकं यायची. त्यातल्या एकात मी वाचलं की परदेशात मिठाच्या थरांमध्ये, जमिनीच्या पोटात, मोठमोठ्या पोकळ्या करतात आणि त्यात हवा दाबून कोंडतात. वीज जास्त असते तेव्हा हवा भरायची, वीज कमी पडली की तीच हवा सोडून यंत्र फिरवायचं. लेख तीन पानांचा होता. पहिलं पान मी तीनदा वाचलं, दुसरं एकदा, आणि तिसरं पान, ज्यात जमिनीची परीक्षा कशी करतात ते दिलं होतं, ते पुढच्या रविवारी वाचू म्हणून सोडून दिलं. माझी ही सवय जुनी आहे. डोक्यात किडा शिरला की पान पुरं व्हायच्या आधीच मी पाना आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला लागतो.

वारा होता. आता वाऱ्याला भरून ठेवायला डबा हवा होता.

जळगावला भंगाराचे मोठे व्यापारी होते. त्यांतल्या एका मारवाडी शेठकडे मला एक पवनचक्की मिळाली. कुठल्याशा योजनेतून पाणी उपसायला बसवलेली, बारा पात्यांची, पंप झिजल्यावर उखडून टाकलेली. शेठने तिच्याकडे बघून विचारलं, "मास्तर, याचं करणार काय?" मी म्हटलं, "वारा साठवणार." शेठ आपल्या माणसाला म्हणाले, "साहेबांना सरबत दे, उन्हातून आलेत." मला ते लागलं, पण सरबत मी प्यायलो.

त्याच शेठकडून ट्रकचा एक कंप्रेसर घेतला. विहिरी खोदणाऱ्यांच्या भंगारातून हवेवर फिरणारी एक छोटी मोटार मिळाली. ती विहिरीतून दगड वर ओढायच्या यंत्राची होती. चक्कीचा दांडा वरखाली होतो, तो मी कंप्रेसरच्या पिस्टनला जोडला. वारा आला की दांडा हलणार, हवा दाबली जाणार, आणि त्या हवेवर कुट्टीचं चाक फिरणार. दोन महिने सगळ्या सुट्ट्या त्यात घातल्या. अक्काच्या बांधावर चक्की उभी राहिली तेव्हा गावातले लोक बैलगाड्या थांबवून बघत होते. अक्का फक्त एवढं म्हणाली की ही पाणी काढायची चक्की आहे तर हिने पाणीच का काढू नये. मला हे फार साधं वाटलं. साध्या गोष्टींचा मला तेव्हा कंटाळा होता.

हवा साठवायला आधी ट्रकच्या ब्रेकच्या टाक्या लावल्या. दिवसभराची हवा कुट्टीचे चार घास कापून संपली. आणखी टाक्या जोडल्या, तरी पेंढी पुरी होईना. मी चक्कीखाली येरझारा घालत होतो आणि घालता घालता पाय अडखळला तो लोखंडी टोपणावर. ते टोपण होतं कोरड्या बोअरचं. दाजींनी काही वर्षांपूर्वी विहिरीपासून पन्नासेक पावलांवर दोनशे फूट बोअर मारून घेतला होता. त्यातून नुसता धुरळा निघाला, पाण्याचा थेंब नाही. तेव्हापासून तो तोंड झाकून पडला होता.

मी तिथेच मातीत बसलो आणि बोटाने गणित मांडलं. सहा इंची भोक, दोनशे फूट खोल, भोवती काळा पाषाण. हजार लिटरच्या वर हवा मावेल अशी टाकी, आणि तीही जमिनीत आयती. मला इतका आनंद झाला की मी अक्काला हाक मारून बोलावलं आणि ते टोपण दाखवलं. तिला वाटलं पाणी लागलं.

त्या आठवड्यात शेजारच्या शिवारात ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर घेऊन विहीर खोदणारे नाना आले होते. खडकात भोकं पाडायची, सुरुंग भरायचा, दगड वर काढायचे, हेच त्यांनी आयुष्यभर केलेलं. हाताची दोन बोटं त्यांनी त्याच कामात घालवली होती. बोअरचं तोंड बंद करायला मला जाड पत्रा आणि नटबोल्ट हवे होते म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. काय करतोय ते सांगितल्यावर नानांनी विडी विझवली.

"मास्तर, हाऊ काया दगड वरतून बंद दिखास," ते म्हणाले, "पन मझार बठ्ठ्या भेगाच भेगा शेतस. आमी एक हिरमां होल मारतस, तं बाजूनी हिरमां बुडबुडा येतस."

एका विहिरीत भोक पाडलं की शेजारच्या विहिरीत बुडबुडे येतात, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना समजावून सांगितलं की तुमचा दाब जास्त, माझा चार किलोच्या वर जाणार नाही. शिवाय वरचे तीस फूट लोखंडी पाइप आहे आणि त्याच्या भोवती मी सिमेंट भरणार आहे. आणि भेगा असत्या तर बोअरला पाणी नसतं का लागलं? नाना उठले. पत्रा दिला, बोल्ट दिले, आणि वर म्हणाले की तू शिकेल माणूस शे, तुले मी काय सांगू. मी ते खरंच मानलं. खडकात हयात घालवलेल्या माणसाचं बोलणं मी तीन पानांच्या लेखाच्या भरवशावर बाजूला सारलं, आणि त्या लेखाचंही तिसरं पान मी वाचलेलं नव्हतं.

बोअरचं तोंड बंद झालं. हवा आत जायला एक नळी, बाहेर यायला एक नळी, वर दाबाचं घड्याळ. वैशाखाचा वारा सुटला होता. पहिले दोन दिवस घड्याळाचा काटा जागचा हलेना. तिसऱ्या दिवशी हलला. आणि इथे एक गोष्ट झाली, जी मला आजही शरमेशिवाय आठवता येत नाही. माझ्या गणिताने जेवढी हवा आत मावायला हवी होती, त्याच्या कितीतरी जास्त हवा तो बोअर गिळत होता. कुणाही शहाण्या माणसाने विचारलं असतं की ही जास्तीची हवा जाते कुठे. मी खूश झालो. म्हटलं, वा, आपल्याला वाटली त्यापेक्षा टाकी मोठी निघाली.

पाचव्या दिवशी दुपारी मी कॉक उघडला. हवेची मोटार किंचाळली, पट्टा ताणला आणि कुट्टीचं चाक आपोआप फिरायला लागलं. अक्का पेंढ्या सरकवत होती, दोन्ही हातांनी, आणि पात्याखालून कुट्टी भसाभस पडत होती. जवळजवळ दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत म्हशींचं एका दिवसाचं भागलं. मोटारीच्या तोंडाशी, जिथून वापरलेली हवा बाहेर पडते, तिथे पांढरा थर धरला होता. मी नखाने खरवडला आणि अक्काच्या तळहातावर ठेवला.

"आरे देवा," ती म्हणाली, "वैशाखमां बरफ!"

दाबलेली हवा मोकळी होताना गार पडते हे मी वर्गात फळ्यावर दरवर्षी लिहायचो. पण तिच्या हातावर त्याचं पाणी होताना बघेपर्यंत ते मला खरं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव बर्फ बघायला आलं. कुणीतरी ताकाचं भांडं मोटारीच्या तोंडाशी धरून गार केलं. मी सगळ्यांना सांगत होतो की बघा, धूर नाही, राख नाही, डिझेलचा वास नाही, कुणाचं काही जात नाही. नुसता वारा. मी हे इतक्या वेळा सांगितलं की शेवटी अक्काच माझ्याऐवजी सांगायला लागली.

फक्त एक गोष्ट मला झोपू देत नव्हती. चक्की थांबवली की दाब टिकत नसे. संध्याकाळी घड्याळात चार किलो, सकाळी येऊन पाहावं तर दीड. कुठेतरी गळत होतं. मी साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडावर लावलं. हवा गळत असेल तिथे फुगे येतात. पत्र्यावर लावलं, बोल्टवर लावलं, कॉकवर, नळीवर. एकही फुगा आला नाही. मी रबर बदललं, बोल्ट आणखी आवळले, एक तर आवळता आवळता तुटला. संस्थेतून मी रजा काढली होती. उन्हात उघड्या डोक्याने त्या पत्र्याभोवती उकिडवा बसून मी फुगे शोधत होतो आणि सापडत नाहीत म्हणून दात खात होतो.

तेवढ्यात विहिरीकडून अक्काची हाक आली.

"भाऊ, देख ना! हिर जागी व्हयनी!"

मी धावलो. विहिरीच्या काठाशी ती वाकून उभी होती. खाली, उन्हाळ्याने कमी झालेल्या पाण्यात, कडेच्या एका कपारीतून फुगे येत होते. एक, दोन, मग एकदम पुंजका. पाण्यावर येऊन फुटत होते आणि गोल लाटा पसरत होत्या. मी तासभर साबण लावून जे शोधत होतो ते इथे होतं.

मला त्या क्षणी कळलं. पुढे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं की पक्कं कळलं नव्हतं, शंका आली होती. पण तसं नाही. फुगा दिसला आणि मला कळलं.

विहीर अक्काची होती, आणि गावात तिला मान होता. आजूबाजूच्या विहिरी आटल्या तरी ती कधी आटली नव्हती. पाणी गोड. दाजींच्या वडलांनी त्यात सोडलेलं एक कासव होतं, पाणी साफ ठेवतं म्हणून. अक्का नवी नवरी म्हणून आली तेव्हा तेही इवलंसं होतं म्हणे. ती भाकरीचा तुकडा टाकायची तेव्हा ते वर यायचं. आमच्याकडे विहिरीत सात आसरा राहतात असं मानतात. पाण्याच्या बहिणी त्या, कोपल्या तर बुडवतात, पावल्या तर भरभरून देतात. कपारीतून आपोआप फुगे येतात म्हटल्यावर आळीतल्या बायका तासाभरात गोळा झाल्या.

"आसरा उन्यात," म्हातारी शेजारीण म्हणाली आणि आसरा आल्या म्हणून तिने पदर डोक्यावर घेतला.

सात खडे मांडले गेले, त्यांना शेंदूर लागला, हळद-कुंकू झालं. अक्काने धुतलेलं लुगडं नेसून नारळ आणला. माझ्याकडे वळून म्हणाली, तूही ये. मी गेलो. तिने नारळ फोडला, पाणी विहिरीत सोडलं, डोळे मिटून हात जोडले, आणि बराच वेळ ती काहीतरी मागत राहिली. ओठ हलत होते. मी तिच्या शेजारी उभा होतो. पन्नास पावलांवर माझी चक्की खडखड फिरत होती आणि कपारीतून माझे फुगे येत होते.

मी तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं, हे मला नीट माहीत आहे. सांगितलं असतं तर चक्की बंद करावी लागली असती. पहिल्यांदा आयुष्यात मी काहीतरी पुरं केलं होतं, लोक येऊन बघून जात होते, अक्काचा खांदा तीन आठवडे दुखला नव्हता. मी स्वतःची समजूत घातली की हवाच तर आहे, पाण्यातून गेली काय आणि आभाळात गेली काय. उलट पाण्याला चांगलंच. आणि बायकांना जर त्यात देव दिसत असेल तर मी कोण मोडता घालणारा. प्रसादाचं खोबरं मी खाल्लं.

मी धुळ्याला परत गेलो, पण वर्गात लक्ष लागेना. पोरं कानस चालवत होती आणि मला त्या आवाजात चक्कीचा दांडा ऐकू येत होता. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघालो. स्टँडवर सोनगीरची बस उभी होती, पण ती सुटेपर्यंत थांबवेना म्हणून हायवेवर जाऊन ट्रकला हात केला.

शेतात पोचलो तर अक्का विहिरीजवळच होती. बादली पुढ्यात. बादलीतलं पाणी लाल होतं.

"कालदिनपाईन म्हशी पानीले तोंड लावत नहीत," ती म्हणाली.

मी बोट बुडवलं. विटेच्या भुकटीसारखी बारीक माती बोटाला चिकटली. आमच्या काळ्या दगडात मध्येच असा लाल मातीचा थर लागतो, विहीर खोदणाऱ्या कुणालाही माहीत असतो. भेगा त्या मातीने बुजलेल्या होत्या, म्हणूनच बोअरला पाणी लागलं नव्हतं. माझा वारा दिवसरात्र ती माती रेटत होता. बोअरमधून भेगेत, भेगेतून कपारीत, कपारीतून विहिरीत. मी नानांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या बादलीत होतं.

बायका आता विहिरीजवळ येत नव्हत्या. पाण्यात कुंकू दिसलं म्हणजे आसरा कोपल्या, असं म्हातारीने सांगून टाकलं होतं. अक्काने काय चुकलं असेल म्हणून दोन दिवस उपास धरला होता. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. पायऱ्यांवर, पाण्याच्या वरच्या बाजूला, कासव येऊन बसलं होतं. पाठीवर लाल गाळ वाळलेला. ते पाण्यात जायला तयार नव्हतं.

मी धावत बोअरकडे गेलो आणि बाहेरचा कॉक पूर्ण उघडला. मोटारीला जोडलेली नळीही उपसून टाकली. हवा अशी ओरडत बाहेर आली की म्हशींनी दावी ताणली. मी चक्कीची पाती दोराने बांधून टाकली. मग परत आलो आणि उभ्या उभ्याच अक्काला सगळं सांगितलं. भेगा, माती, नाना काय म्हणाले होते ते, सगळं. मागे हवा ओरडत होती, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागत होतं. अशी गोष्ट माणसाने हळू आवाजात सांगावी, पण तीही सोय राहिली नव्हती.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"मी नारळ फोडा, तवय तुले माहीत व्हतं का?"

"हा," मी म्हटलं.

तिने बादली उचलून लाल पाणी मातीत ओतलं. मी वाट बघत होतो की ती ओरडेल. लहानपणी ती मला चांगली बदडायची, तसं बदडलं असतं तरी चाललं असतं.

"तुन्हा वारा तू ली जा, भाऊ," ती म्हणाली. "मन्हं पानी माले दे."

तेवढंच मला देता येण्यासारखं नव्हतं.

आम्ही विहीर उपसली. नाना आपणहून ट्रॅक्टर घेऊन आले, खाली उतरले, गाळ काढून दिला, आणि मी सांगितलं होतं ना असं एकदाही म्हणाले नाहीत. पाणी आठवड्याभराने निवळलं. पण कपारीतला झरा, जो अंगठ्याएवढा वाहायचा, तो करंगळीवर आला आणि मग नुसता पाझर राहिला. पाण्याने दुसरी वाट धरली होती. उताराला एका भाऊबंदाच्या विहिरीत त्याच महिन्यात दोन हात पाणी चढलं. त्याने अक्काला पाणी घ्यायला ना म्हटलं नाही. पण कधी न आटलेल्या विहिरीची मालकीण घागर घेऊन दुसऱ्याच्या विहिरीवर जाते हे गावाने बघितलं, आणि मीही बघितलं. कासव तिने परातीत घालून त्याच विहिरीत नेऊन सोडलं. माझ्या हातात परात द्यायला ती तयार नव्हती.

चक्कीचा कंप्रेसर काढून मी जुना पंप दुरुस्त करून बसवला आणि ती चक्की त्या भाऊबंदाच्या काठावर उभी केली. ती पाणी काढायला लागली. अक्काने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तेच.

नव्वदच्या पुढे माझी बदली जळगावला झाली. मी मेहरूणला खोली घेतली. संध्याकाळी सगळे तलावाच्या काठाने फिरतात, मीही फिरायचो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कडेच्या चिखलातून बुडबुडे यायचे. सडलेल्या पाल्याचा गॅस असतो तो, मला माहीत होतं, तरी माझी चाल वाढायची. संस्थेत पवनचक्कीवरच्या विजेची चर्चा सुरू झाली होती, आणि वाऱ्याची वीज साठवायची कशी असं पोरं विचारायची. मी हवेची गोष्ट सांगायचो. धूर नाही, राख नाही, इथपर्यंत आलो की मात्र अडखळायचो. आकाशात काय जातं ते सगळ्यांना दिसतं. जमिनीत आपण काय रेटतो ते कुणाच्या तरी बादलीत येईपर्यंत दिसत नाही. मग मी पोरांना त्या लेखाचं तिसरं पान वाचायला लावायचो. ते पान आता मला पाठ आहे.

दर रविवारी मात्र मी सोनगीरला जात राहिलो. जळगावहून धुळे, धुळ्याहून सोनगीर, दोन बस बदलून. कुट्टीचं चाक मी फिरवायचो आणि अक्का पेंढ्या सरकवायची. आठवड्याची कुट्टी एका दिवसात करायची म्हणजे चार-पाच तास एका जागी उभं राहून हात फिरवत राहावा लागतो. पहिली दोन वर्षं आम्ही त्यात फारसं बोललो नाही. ती रागावलेली नव्हती. ते मला जास्त जड जायचं.

एका रविवारी मला राहवलं नाही. चाक फिरवता फिरवता मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी नारळ फोडताना तू काय मागितलंस?"

तिने पेंढी पुढे सरकवली. पात्याने ती कापली.

"तुन्हा जीव एक जागे राहो," ती म्हणाली. "इतलंच मांगं."

मी चाक थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं असतं. तिने पुढची पेंढी लावली आणि मी हात फिरवत राहिलो.